भेगेचे वय

लेओन्तिना ताट घेऊन खालच्या मजल्यावर गेली होती, ती ताटासकट परत आली. आत मात्र आली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, कारण हातातली वस्तू आता घरात आणता येण्यासारखी नव्हती. शिजवून गार केलेला गहू, त्यात अक्रोडाचा चुरा, वर पिठीसाखरेचा जाड थर, थरावर कोकोच्या भुकटीने काढलेला क्रूस आणि क्रूसाखाली रंगीत गोळ्यांनी लिहिलेले एक अक्षर. ही कोलिवा. ती मेलेल्या माणसासाठी करतात, त्याच्या नावाने वाटतात, आणि खाणारा ‘देव त्याला क्षमा करो’ असे म्हणून पहिला घास घेतो. ओक्तावियान पिंत्या वर्तमानपत्र वाचत होता. त्याने मान वर केली, तेव्हा त्याला प्रथम बायकोचा चेहरा दिसला नाही, ते अक्षर दिसले. त्यातली एक गोळी घरंगळून साखरेत खड्डा पाडून बसली होती.

“ओक्ताव, तो जिवंत आहे रे.”

“कोण?”

“लोरांत. मार्गितबाईंचा लोरांत. सकाळीच बोलली म्हणे ती त्याच्याशी. आणि मी त्याच्या नावाचं अक्षर काढून तिच्या दारात उभी!”

“तो मेला हे तुला कुणी सांगितलं होतं?”

“तळमजल्यावरच्या दोरिनानं. दोन दिवस मार्गितबाईंच्या दाराआडून रडणं ऐकू येतंय म्हणाली. मुलगा बुडापेस्टला विमानांच्या कामावर, विमान पडलेलं. आणखी काय हवं?”

एवढ्यावरून निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याने तीस वर्षे नापास केले होते. तसे तो म्हणणार होता, पण लेओन्तिना थांबली नव्हती. तिने सांगितले ते असे: मार्गितबाईंनी दार उघडले, ताटाकडे पाहिले, अक्षराकडे पाहिले आणि त्या खाली बसल्या. पडल्या नाहीत. भिंतीला पाठ घासत, जिना चढून दमलेले माणूस बसते तशा बसल्या. त्यांना वाटले, बातमी आधी लोरांतच्या जुन्या प्रोफेसरांकडे, म्हणजे ओक्तावियानकडे आली, आणि आता प्रोफेसरांची बायको ती सांगायला आली आहे. मग त्यांनी एकच विचारले, “त्यानं स्वतःला काही केलं का?” लेओन्तिनाला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, “विमानात होता ना तो?” त्यावर मार्गितबाई हसल्या. ते हसणे फार वाईट होते, असे लेओन्तिना दोनदा म्हणाली. “जिवंत आहे हो तो,” त्या म्हणाल्या, “तेच तर आहे.”

“आता ह्याचं मी काय करू?” लेओन्तिनाने ताट थोडे पुढे केले. “जिवंत माणसाच्या नावाची कोलिवा. घरात खायची नाही, टाकायची तर मुळीच नाही.”

“अक्षर खरवडून काढ आणि तुझ्या पाद्रीबुवांकडे ने. त्या विमानातल्या सगळ्यांसाठी म्हणून वाटतील ते.”

“सगळ्यांसाठी एवढीशी?”

“वर वजन करून घेत नसावेत,” तो म्हणाला, आणि हे वाक्य आपण आज बोलायला नको होते असे त्याला वाटले. लेओन्तिना मात्र खरोखर विचारात पडली, मग उंबऱ्यावरूनच म्हणाली, “सुरी दे.”

विमान गुरुवारी पडले होते. पंख्यांचे, लहानसे, हंगेरीतल्या हंगेरीत जाणारे. देब्रेत्सेनच्या अलीकडे, मका काढून झालेल्या शेतांत ते कोसळले. त्या संध्याकाळच्या बातम्या ओक्तावियानने सूप पिताना पाहिल्या होत्या. निवेदिकेने काळा कोट घातला होता, आणि पहिल्याच वाक्यानंतर ती म्हणाली होती की मृतांमध्ये एकही रुमानियन नाही. त्या क्षणी त्याच्या छातीत कुठेतरी काहीतरी सैल झाले. ती संवेदना इतकी लहान होती की दुसऱ्या कुणी ती नोंदलीही नसती. पण लहान गोष्टी नोंदण्यातच त्याचे आयुष्य गेले होते, आणि ती सुटका होती, याबद्दल त्याला संशय नव्हता. आपले नाहीत. मग शुक्रवारी त्याच निवेदिकेने दुरुस्ती केली: मृतांमध्ये रुमानियाचे तीन नागरिक आहेत, तिघेही क्लुजचे, म्हणजे याच शहरातले. तिने त्यांची नावे वाचली. तिन्ही नावे इथल्या हंगेरियन वस्तीतली होती आणि ती वाचताना निवेदिका अडखळली. आदल्या दिवशी मोजणी चुकली नव्हती, व्याख्या चुकली होती. आणि दुरुस्तीनंतर आपली सुटका मागे घेतली गेली का, हे त्याने स्वतःशी तपासून पाहिले होते. उत्तर स्पष्ट येईना. चौकातली बाके काही वर्षांपूर्वी रुमानियाच्या झेंड्याच्या निळ्या, पिवळ्या, तांबड्या रंगांत रंगवली गेली, खांब रंगवले गेले, कचऱ्याचे डबेसुद्धा, म्हणजे शहर कुणाचे याबद्दल कुणाला शंका राहू नये. तेव्हा तो त्यावर हसला होता. डबा रंगवून आतल्या कचऱ्याचे राष्ट्रीयत्व ठरत नाही, असे तो प्रयोगशाळेत म्हणाला होता. सैल झालेली ती जागा मात्र तशीच कुणीतरी कधीतरी रंगवून ठेवलेली असावी, आणि रंगाचा वास आत्ता गुरुवारी आला.

तो खाली गेला. मार्गितबाईंच्या स्वयंपाकघरात गॅस चालू होता आणि त्यावर काही नव्हते. त्याने तो बंद केला. त्यांना तो तीस वर्षे ओळखत होता, म्हणजे जिन्यात, नळ गळला तेव्हा, आणि त्याची आई वारली तेव्हा. तेव्हा मार्गितबाई वर येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर दुपारभर बसल्या होत्या. लेओन्तिनाने हातात दिलेली मेणबत्ती त्यांनी न पेटवता मांडीवर धरून ठेवली, कारण मार्गितबाई हंगेरियन, आणि त्यांच्या प्रोटेस्टंट पंथात मेलेल्यांसाठी दिवा लावत नाहीत की प्रार्थना करत नाहीत. गेलेल्याचा हिशेब देवाकडे, आपण मागे उरलेल्यांचे पाहायचे. लेओन्तिना त्या न पेटवलेल्या मेणबत्तीबद्दल अजूनही कधीमधी बोलते. ओक्तावियानला मात्र ते पटले होते. जिथे परिणाम होऊ शकत नाही तिथे बल लावू नये.

“प्रोफेसरसाहेब, बसा,” त्या म्हणाल्या. “तुमच्या बायकोची चूक नाही. मी तिच्यावर दार लावलं, ते सांगा तिला. माफ कर म्हणावं.”

“ती सुरीने साखर खरवडते आहे. तिचं बरं चाललंय.”

त्या हसल्या नाहीत. टेबलावर हात पसरून त्यांनी सांगितले. लोरांत त्या विमानांची तपासणी करायचा. उन्हाळ्यात त्याने ते विमान पाहिले होते. पंख्याच्या पात्याचे मूळ, जिथे पाते मध्यभागी बसते ती जागा, तिच्यावरून भेग शोधणारे यंत्र फिरवायचे आणि काही आढळले नाही तर सही करायची. त्याने सही केली होती. आता म्हणतात तेच पाते मुळातून तुटले. चौकशी संपेपर्यंत कामावर येऊ नको असे त्याला सांगितले आहे. तो भाड्याच्या खोलीत आहे. खाली दाराशी बातमीदार उभे असतात.

“मी येते म्हटलं त्याला. म्हणाला, नको आई, तू आलीस की तुझाही फोटो काढतील.” त्यांनी हाताच्या पाठीने टेबलावरची नसलेली धूळ पुसली. “तो तुमचा विद्यार्थी. तुम्ही शिकवलंत त्याला हे. तर मला सांगा, त्याच्यामुळं झालं का? हो की नाही, एवढंच.”

“मार्गितबाई, मला माहीत नाही.”

“तुम्हाला माहीत नसेल तर कुणाला असणार?”

“कुणालाच नाही. अजून वर्षभर तरी.”

“वर्षभर,” त्या म्हणाल्या. जणू एखाद्या गावाचे नाव ऐकावे आणि ते कुठल्या दिशेला आहे तेही कळू नये.

फोन त्याच वेळी वाजला. मार्गितबाई थोडे बोलल्या, आणि मग काही न विचारता त्यांनी रिसीव्हर त्याच्या हातात दिला. लोरांतचा आवाज जवळून आला, फारच जवळून. तो कुजबुजत होता, खोलीत आणखी कुणी झोपले असावे तसा. तिथे कुणी नव्हते.

“सर, मी पाहिलं होतं. खरंच पाहिलं होतं, घाईत नव्हतो.”

“माझा विश्वास आहे.”

“तुम्ही शिकवलं होतं सर, भेग ही नेहमी अपघातापेक्षा वयानं मोठी असते. म्हणजे उन्हाळ्यात ती होती. मी यंत्र फिरवलं तेव्हा तिथं खाली ती होती आणि मी तिच्यावरून गेलो.”

“असेल. पण एका मापाखालची भेग यंत्राला दिसत नाही. हेही शिकवलं होतं.”

“तेच विचारतोय. दिसण्याएवढी होती का? पेपरात फोटो आलाय. तुम्ही बघितलात ना?”

“छापलेल्या फोटोवरून सांगता येत नाही.”

“अंदाज सांगा.”

“लोरांत.”

“सर, मला विज्ञान नकोय. तुम्ही नुसतं म्हणा. नव्हती दिसण्याएवढी, असं म्हणा.”

खिडकीच्या बाहेर शेजारच्या इमारतीत कुणीतरी सतरंजी झटकत होते. ओक्तावियानने त्या आवाजाकडे लक्ष दिले, कारण दुसऱ्या कशाकडे देणे अवघड होते. शेवटी तो म्हणाला, “मी म्हटलं तर तू विश्वास ठेवशील. म्हणूनच म्हणत नाही.”

 मग लोरांत म्हणाला, “बरोबर आहे सर,” आणि हे तो वर्गात म्हणायचा त्याच स्वरात म्हणाला. फोन ठेवला गेला.  मार्गितबाईंनी रिसीव्हर घेतला, तो जागेवर ठेवला आणि त्यावर हात तसाच राहू दिला.

वर येऊन त्याने भिंग घेतले आणि वर्तमानपत्रातला फोटो पुन्हा पाहिला. हे निरर्थक आहे हे ठाऊक असूनही पाहिला. थकून, म्हणजे वारंवारच्या भाराने, तुटलेल्या धातूच्या तोंडावर बारीक वक्र रेघा असतात, ओहोटीचे पाणी मागे हटताना वाळूवर सोडते तशा. प्रत्येक उड्डाणाला एखादी रेघ. त्या वाचता आल्या तर भेग केव्हा जन्मली, केव्हा वाढली, केव्हा उरलेल्या धातूला भार पेलेना, हे सगळे उलट्या दिशेने सांगता येते. याच एका अर्थाने त्याला भूतकाळ विश्वासार्ह वाटे. माणसांच्या आठवणी वाकतात आणि पुन्हा सरळ होतात, कसलीही खूण न ठेवता. धातू असे करत नाही. भिंगाखाली मात्र रेघा नव्हत्या. तिथे काळे ठिपके होते, छपाईचे, मोठे, गोल, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. जवळ जावे तसे तुटलेले पाते नाहीसे होत होते. ते फक्त दुरूनच दिसत होते. तो बराच वेळ ठिपके पाहत राहिला आणि त्याला एकाएकी लोरांतची विद्यार्थी असतानाची सवय आठवली. सूक्ष्मदर्शकातून पाहताना तो श्वास रोखून धरायचा. श्वासाने काच धुरकट होईल म्हणून नव्हे. तसे होत नाही, हे त्याला सांगून झाले होते. तरी रोखायचाच. एकदा त्याचे ओठ निळसर पडलेले पाहून ओक्तावियान त्याला म्हणाला होता, “अरे, धातू मेलेला आहे, तू कशाला मरतोस?” सगळा वर्ग हसला होता. लोरांतही हसला, आणि पुढचा नमुना पाहताना त्याने पुन्हा श्वास रोखला.

मी ‘नव्हती’ म्हटले असते तर काय झाले असते? तो प्रश्न त्याने नीट मांडायचा प्रयत्न केला. शब्द खोटा ठरण्याची शक्यता अर्धी. खोटा ठरलाच तर वर्षाने. तोपर्यंत मुलगा झोपला असता. आणि नंतर? नंतर त्याला कळले असते की भेग दिसण्याएवढी होती, आणि ज्याने त्याला पाहायला शिकवले तो न पाहता बोलला. भार एकदम पडण्याऐवजी साठत गेला असता. हा युक्तिवाद बिनचूक होता. त्याने तो पुन्हा तपासला, आणि त्याच वेळी त्याच्या लक्षात आले की युक्तिवाद जितका घट्ट होत जातो तितकी छातीतली जागा आकसत जाते.

हंगेरीने रविवार राष्ट्रीय दुखवट्याचा म्हणून जाहीर केला. क्लुजमध्ये काहीच जाहीर झाले नाही, पण शनिवारी संध्याकाळी पाव आणायला निघालेल्या ओक्तावियानला मार्गितबाईंनी जिन्यात गाठले. उद्या त्यांच्या चर्चमध्ये त्या विमानातल्यांसाठी उपासना होती. ते तीन क्लुजकर त्यांच्याच लोकांपैकी. घरची माणसे येणार होती.

“मी एकही रविवार चुकवला नाही,” त्या म्हणाल्या. “नवरा गेला त्या आठवड्यातही नाही. पण उद्या मी तिथं कशी बसू? ज्यांची पोरं गेली त्यांच्या रांगेत? कुणी विचारलं, मार्गित, तुझं कोण होतं त्यात, तर काय सांगू? कुणी नव्हतं म्हणू शकत नाही. होतं म्हणू शकत नाही.”



“तुम्ही जाल का?” त्या म्हणाल्या. “लोरांतच्या बाजूनं कुणीतरी तिथं असायला हवं. तुमचा देवाबिवावर विश्वास नाही हे मला माहीत आहे. तिथं कुणी तपासत नाही.”

“आणि मला विचारलं तर?”

“खोटं बोलू नका. एवढंच.”

आधी जी एक गोष्ट, हो की नाही, त्यांनी मागितली होती ती त्याने दिली नव्हती, आणि ही देण्यासारखी होती. घरी आल्यावर त्याने लेओन्तिनाला सांगितले. ती म्हणाली, “तू? चर्चमध्ये? ईस्टरला मी ओढून नेते तेव्हा तुझे गुडघे दुखतात.” मग तिने कपाटातून त्याचा काळा कोट काढला आणि ब्रश घेऊन खिडकीशी बसली.

चर्च थंड होते. लेओन्तिनाच्या चर्चमध्ये धूर असतो, सोने असते, भिंतीभर संतांचे डोळे असतात. इथे पांढऱ्या भिंतींवर जुन्या घराण्यांच्या ढाली सोडल्यास पाहायला काही नव्हते, आणि त्याला ते बरे वाटले. एका बाजूला बायका होत्या, दुसऱ्या बाजूला पुरुष. पुरुषांच्या बाजूला मागून तिसऱ्या बाकावर एक म्हातारा एकटाच बसला होता, त्याच्या शेजारी जागा होती. ओक्तावियान बसला. वाद्य सुरू झाले आणि सगळे गाऊ लागले, इतक्या संथपणे की प्रत्येक शब्द खाली ठेवून मग दुसरा उचलला जात होता. म्हाताऱ्याने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिले आणि आपले गीतांचे पुस्तक दोघांच्या मध्ये धरले. ओळीवर त्याचे जाड, चिरा पडलेले बोट सरकत होते.

शब्द कळत होते. हे ओक्तावियानला अनपेक्षित होते. ही भाषा त्याने शिकली नव्हती, ती त्याला लागली होती, पोरवयात, कारखान्याच्या वसाहतीतल्या अंगणात. वडील रुमानियाच्या दक्षिणेकडून बदली होऊन आलेले, आणि अंगणातली सगळी मुले हंगेरियन. वर्षभरात तो त्यांच्या भाषेत भांडू लागला, आणि एके दिवशी घरातच, पायावर काहीतरी पडले म्हणून, त्या भाषेत ओरडला. वडिलांनी मारले नाही. ते म्हणाले, “इथं दुखेल ते आपल्या भाषेत.” तेव्हापासून त्याने ती वाढू दिली नव्हती. ती तेवढीच राहिली, सात-आठ वर्षांच्या मुलाची, चेंडूची, जर्दाळूची, रक्त आले रे म्हणण्याची. प्रयोगशाळेत हंगेरियन सहकारी आपसांत बोलत तेव्हा आपल्याला कळते हे त्याने कधी दाखवले नाही. आता ती भाषा शेकडो गळ्यांतून, वयस्क होऊन, काळे कपडे घालून समोरून येत होती, आणि तिच्यातले मोठे शब्द त्याला कळत नसले तरी लहान सगळे कळत होते. धूळ. सकाळ. गवत. घर.

दोन कडव्यांच्या मध्ये वाद्य एकटे वाजत राहिले. म्हाताऱ्याने मान न वळवता विचारले, “तुमचं कोण होतं?”

उत्तर रुमानियनमध्ये तयार होते, आणि रुमानियनमध्ये ते सभ्य झाले असते: मी शेजारी आहे, एका बाईंच्या वतीने आलो आहे. तेही खोटे नव्हते. पण प्रश्न त्या भाषेत आला होता, आणि त्या भाषेत त्याच्याजवळ सभ्य शब्द नव्हते. ‘तपासणी’ हा शब्द नव्हता, ‘अभियंता’ नव्हता, ‘चौकशी’ नव्हता. जे होते त्यांतूनच वाक्य करावे लागले.

“विमान ज्यानं बघितलं, बरं आहे म्हणाला,” तो म्हणाला, “तो मुलगा. मी त्याला बघायला शिकवलं.”

म्हाताऱ्याचे बोट थांबले. सगळे पुन्हा गाऊ लागले. बोट तिथेच होते, गाणे पुढे गेले, एक ओळ, दुसरी ओळ, पानाच्या तळाशी पोचले, आणि पान कुणी उलटले नाही. ओक्तावियानने पुस्तक बाजूला ओढले जाण्याची वाट पाहिली. तसे झाले असते तर ते योग्यच झाले असते, असे त्याला वाटले.

“माझी नात होती,” म्हातारा म्हणाला. “बोर्बाला. देब्रेत्सेनला शिकत होती, दातांचं.” मग, “तो कुठाय?”

“बुडापेस्टला. खोलीत.”

“जवळ कोण आहे त्याच्या?”

 लोरांतचा आवाज कुजबुजत होता हे ओक्तावियानने फोनवर नोंदले होते. खोलीत दुसरे कुणी नाही हेही नोंदले होते. मार्गितबाईंनी उंबऱ्यावर पहिला प्रश्न कोणता विचारला होता, तोही त्याला अक्षरशः पाठ होता. सगळी निरीक्षणे जागच्या जागी होती. त्यांच्यावरून तो गेला होता, सावकाश, घाई न करता, आणि त्याला काही आढळले नव्हते.

“कुणी नाही,” तो म्हणाला.

म्हाताऱ्याने आता पहिल्यांदा मान वळवून त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत क्षमा नव्हती. दुःखाने दमलेल्या माणसाला एखाद्या मूर्खाशी बोलावे लागते तेव्हाचा वैताग होता.

“मग तुम्ही इथं काय करताय?”

त्याने पुस्तक मिटले, आणि ओक्तावियानला बाहेर पडता यावे म्हणून, बाकाला धरून, दुखरे गुडघे एकेक करून बाजूला घेतले.